शंभर मैलांचं वर्तुळ

साठी ओलांडेपर्यंत मी विमानात बसलो नव्हतो आणि त्यामागे कुठलीही हृदयद्रावक हकिकत नाही. लहानपणी मी विमान कोसळताना पाहिलं नाही, कुठल्या गच्चीवरून पडलो नाही, की कुणा ज्योतिष्याने मला आकाश टाळायला सांगितलं नाही. मी कारखान्यात देखभाल विभागात होतो, एवढंच. आधी साताऱ्याजवळ आणि मग म्हैसूरला आल्यावर बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत. पंप, कॉम्प्रेसर, मोटारी यांच्यात आयुष्य गेलं आणि त्यातून मी एकच गोष्ट शिकलो, की जे फिरतं ते कधी ना कधी बंद पडतं, आणि शक्यतो जेवणाच्या सुट्टीत पडतं. जमिनीवर बंद पडलं तर माणूस पाना घेऊन त्याच्याखाली शिरतो. वर बंद पडलं तर कुठे शिरायचं, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

लोकांना मी गुडघे दुखतात असं सांगायचो. गुडघे ही फार सोयीची गोष्ट आहे. साठीच्या माणसाच्या गुडघ्यांवर कुणी शंका घेत नाही.

आमची मुलगी लग्न होऊन सिंगापूरला गेली आणि इथून गुडघ्यांचं काम वाढलं. नात झाली तेव्हा बायको बाळंतपणाला गेली. मी जयलक्ष्मीपुरमच्या घरी थांबलो, कारण घर कुणीतरी सांभाळायला हवं. घर पूर्ण वेळ जागच्या जागी राहिलं. त्यानंतर बायको दर वर्षी एकदा जाऊन यायला लागली आणि मी दर वर्षी घर सांभाळायला लागलो. नात इकडे एकदाच आली, तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि आली तेवढे दिवस बहुतेक झोपून होती. मी तिच्याजवळ बसायचो. पुढची ओळख रोज संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवरच झाली.

सुरुवातीला प्रत्येक फोनच्या शेवटी मुलगी विचारायची, "बाबा, तुम्ही कधी येताय?" मी म्हणायचो, बघू, गुडघ्यांचं जरा बघतो. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की तिने विचारणं सोडलंय. कधी सोडलं ते मला आठवेना. रागाने सोडलं नव्हतं. ती आईला म्हणत होती, "आई, तू येशील तेव्हा घरचं मेतकूट आण," आणि मी शेजारीच बसलो होतो. रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. पण तिने मला हिशेबात धरायचंच सोडून दिलं होतं, आणि तेही इतक्या प्रेमाने, की मला ते फार लागलं. नात तिसऱ्या वर्षात होती. अजून एक-दोन वर्षं अशीच गेली तर मी तिच्या आयुष्यातला एक संध्याकाळचा कार्यक्रम होऊन बसणार होतो.

बायकोने हे सगळं शेजारच्या वहिनींना सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी वहिनींचे यजमान कंपाउंडवरून वाकून मला म्हणाले, "नोडी, बघा, तुमचे गुडघे एकदम ठीक आहेत म्हणे."

या शेजाऱ्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी बोलतात. ती मराठी आहे हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. वाक्य मराठीत निघतं, मध्येच कन्नडमध्ये उतरून कॉफी पिऊन येतं आणि पुढे मराठीत निघतं. हे गृहस्थ विमा कार्यालयातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या वरच्या खोलीत एक विमान होतं.

म्हणजे संगणकावरचं. पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नसे. एक मोठा पडदा म्हणजे समोरची काच, दोन लहान पडदे म्हणजे उपकरणं, एक दांडा, पायाखाली पॅडलं, आणि बाजूला बटणांची एक पेटी, जिच्यावर मार्ग टाइप करायचा. खोलीच्या दाराबाहेर चपला काढायच्या. उड्डाणाआधी फिल्टर कॉफी घेत मार्गाची चर्चा. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे वेळ पळवायची नाही. संगणकात चार तासांचं उड्डाण अर्ध्या तासात उरकायची सोय असते. ती वापरणारे लोक त्यांच्या दृष्टीने कथा सांगता सांगता मधले अध्याय गाळणाऱ्या भटजींच्या पंक्तीतले होते. सिंगापूरला चार तास लागतात तर चार तास बसायचं.

"वर या," ते म्हणाले. "उडवायचं बेड, नको, सुम्ने बसा. बघा."

नुसतं बसून बघायला माझी ना नव्हती. मी गेलो.

पहिलं उड्डाण मंडकळ्ळीच्या आमच्याच विमानतळावरून झालं. तिथली धावपट्टी आखूड आहे, खरं तर एवढं मोठं विमान तिथे येत नाही, पण शेजाऱ्यांना गावातूनच निघायचं होतं. बन्नूरला त्यांची वडिलार्जित जमीन आहे, ऊस असतो, आणि तो त्यांना मला वरून दाखवायचा होता. आम्ही बन्नूरवर तीन घिरट्या मारल्या. खाली सगळीकडे एकसारखं हिरवं काहीतरी होतं. "ह्यांनी ऊस घातलाच नाही," ते म्हणाले, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर उरलेला वेळ नाराज राहिले. मी मात्र दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलो होतो. खुर्ची फरशीवर होती आणि फरशीखाली त्यांचं स्वयंपाकघर, हे मला ठाऊक होतं. हातांना ठाऊक नव्हतं.

माझी अवस्था बघून त्यांनी लहान पडद्याकडे बोट केलं. तो नॅव्हिगेशन डिस्प्ले. काळा पडदा, खालच्या बाजूला एक पांढरा त्रिकोण, तो म्हणजे आपण. त्यातून निघालेली गुलाबी रेघ म्हणजे आपला मार्ग. त्रिकोण जागचा हलत नाही, जगच त्याच्याकडे सरकत येतं. मला हे पाहताक्षणी आवडलं. काचेतून दिसतं ते सगळं खोल आणि मोकळं असतं, पण या पडद्यावर नुसत्या रेघा. कारखान्याच्या नियंत्रण कक्षातल्या आराखड्यासारखं. आणि मग त्यांनी मला रेफरन्स फिक्स दाखवला.

फिक्स म्हणजे नकाशावर खोचलेली टाचणी. पेटीवर एखाद्या विमानतळाचं नाव टाइप करायचं, मग तिरपी रेघ देऊन एक आकडा. यंत्र त्या जागेभोवती तेवढ्या मैलांचं वर्तुळ काढून देतं, हिरवं, तुटक रेघांचं. आपला मार्ग त्या वर्तुळात कधी शिरतो, कधी बाहेर पडतो, सगळं दिसतं. वैमानिक हे कशासाठी वापरतात, तर उतरायला सुरुवात कुठे करायची, वेग कुठे कमी करायचा, याची आठवण राहावी म्हणून. मार्गाला त्याने काही होत नाही. विमानाला त्या वर्तुळाची गंधवार्ताही नसते. ते फक्त बघणाऱ्यासाठी असतं.

"आणि दोन्ही इंजिनं बंद पडली तर?" मी विचारलं.

"तर विमान दगडासारखं पडत नाही हो. एवढ्या उंचीवरून साधारण शंभर सागरी मैल तरंगत जातं. आरामात."

हे मला सांगितल्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

कारण त्या दिवसापासून मी को-पायलट झालो आणि माझं काम ठरलं. निघण्याआधी मी वाटेतल्या प्रत्येक विमानतळाभोवती शंभर मैलांचं वर्तुळ टाकायचो, यंत्रात वर्तुळांसाठी ठेवलेली पानं संपेपर्यंत. म्हैसूर, बंगळूर, कोइंबतूर, चेन्नई. वर्तुळं एकमेकांत अडकलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. त्यांच्या आत विमान असेपर्यंत दोन्ही इंजिनं खुशाल बंद पडोत, आपण कुठे ना कुठे टेकणार. हैदराबादपर्यंत मी आनंदाने गेलो. गोव्याला गेलो. एकदा तर धक्के बसत असताना चकली खाल्ली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "घरातल्या घरात खाल्लीत ना? मग त्यात काय?"

सुरुवातीला मी तिरपी रेघ द्यायला विसरायचो. ती विसरली की यंत्र त्या आकड्याला अंतर न समजता दिशा समजतं, आणि वर्तुळाऐवजी एक सरळ रेघ निघते. चेन्नईला मी नुसतेच शंभर टाकले, तेव्हा चेन्नईतून एक हिरवी रेघ निघाली ती बंगालच्या उपसागरात गेली आणि जातच राहिली. मी पडदा लहान करत गेलो, तिला शेवट नव्हता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सिंगापूरचा विषय अर्थातच निघायचा होता. शेजाऱ्यांनी मार्ग भरला आणि मी वर्तुळं टाकली. बंगळूर, चेन्नई, मग पलीकडे पोर्ट ब्लेअर, सुमात्राचं टोक, आणि पुढे मलेशिया. गुलाबी रेघ चेन्नईच्या वर्तुळातून बाहेर पडली आणि तिच्यापुढे काळा पडदा होता. पोर्ट ब्लेअरचं वर्तुळ डाव्या हाताला लांब राहिलं, रेघ त्याला शिवतसुद्धा नव्हती. सुमात्राचं वर्तुळ येईपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ कुठल्याही वर्तुळात आपण नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. मी काही म्हटलं नव्हतं, पण मला तसं वाटत होतं.

शेजाऱ्यांनी मला शांतपणे समजावलं. दोन इंजिनांच्या विमानाचं असं गणित कुणी करत नाही. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर तासभर सहज जाता येतं, म्हणजे वर्तुळ चारशे मैलांचं धरायचं. त्यांनी धरून दाखवलं. चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि सुमात्रा यांची चारशेची वर्तुळं एकमेकांत छान गुंतली, अख्खा उपसागर भरून गेला.

"आयतु. झालं तुमचं समाधान?"

"आणि दुसरं इंजिन बंद पडलं तर?"

"दुसरं का बंद पडेल?"

"पहिलं का पडलं?"

त्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला. "अल्ला री, अहो," ते म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की ब्रेकडाउन रिपोर्ट?"

असे आमचे तीन महिने गेले. ते चारशेची वर्तुळं टाकायचे, मी पुसून शंभरची टाकायचो. सिंगापूरचं उड्डाण आम्ही त्या काळात कितीदा तरी सुरू केलं आणि दर वेळी चेन्नईचं वर्तुळ संपायच्या आत मला खाली काहीतरी काम निघालं. एकदा गॅस बंद केला का ते बघायचं होतं, एकदा गिझर. शेजारी एकटेच सिंगापूरला पोचायचे आणि संध्याकाळी कंपाउंडवरून सांगायचे, "उतरलो. हवा चांगली होती." त्यांच्या आवाजात उपकाराचा सूर असायचा आणि मला त्याचा राग यायचा. माझी मुलगी तिथे होती, आणि पोचत होते हे.

मग दसरा आला. इथे आयुधपूजेच्या दिवशी ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. बस, स्कूटर, शिलाई मशीन, रिक्षा. शेजाऱ्यांचं पोट निवृत्तिवेतनावर चालत होतं, पण वहिनींनी विमानाची पूजा घातली. दांड्याला झेंडूची माळ, पॅडलांखाली चाकाखाली ठेवतात तसं लिंबू, आणि प्रत्येक पडद्याला गंध लावून वर कुंकू. मी नमस्कार केला. मनातल्या मनात मी चारशे मैलांबद्दल काही बोललो नाही.

विजयादशमीला मिरवणुकीच्या गर्दीत कुठे जाणं शक्यच नव्हतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सिंगापूरची कॉफी मांडली. माळ काढली, लिंबं काढली, पडदे फडक्याने पुसले. न्याहारी करून आम्ही निघालो. चेन्नईचं वर्तुळ संपत आलं तशी मला गिझरची आठवण व्हायला लागली. मी उठायच्या बेतात होतो आणि तेवढ्यात मला ते दिसलं.

काळ्या पडद्यावर, आमच्या त्रिकोणापुढे आणि जरा उजवीकडे, एक लहानसा फिकट गोल होता. पडद्यावर विमानतळ असाच गोल दिसतो. याला नाव नव्हतं. मी चष्मा पुसून बघितलं, तरी होता. एवढ्या समुद्रात विमानतळ कसा, असं आधी वाटलं, मग वाटलं बेट असेल, नौदलाची धावपट्टी असेल, नाव मुद्दाम दिलं नसेल. मी शेजाऱ्यांना विचारलं नाही. नशिबाने काही दिलं तर त्याची पावती मागू नये असं मला वाटलं. मी परत बसलो.

चेन्नईचं वर्तुळ मागे गेलं. तो गोल पुढेच होता. दहा-पंधरा मिनिटांनी बघितलं तरी पुढेच, जरा उजवीकडे, जवळच. मी पाय लांब केले. वहिनींनी वर पाठवलेली मूगडाळीची कोसंबरी खाल्ली. शेजाऱ्यांना मी माझ्या कारखान्यातल्या एका बॉयलरची गोष्ट सांगितली, ती त्यांनी आधी ऐकली होती. उपसागर मध्यावर आला आणि मी म्हणालो, "सुंदर प्रवास आहे हो हा." ते दचकून माझ्याकडे बघायला लागले.

सुमात्राचं वर्तुळ जवळ आलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तोवर सुटलोच होतो, तेव्हा विचारायला हरकत नव्हती.

"हा विमानतळ कुठला?"

"कुठला?"

"हा काय. चेन्नईपासून आपल्या पुढेच आहे."

त्यांनी पडद्यावर वाकून बघितलं. मग नकाशा लहान करण्याचं बटण फिरवलं. वर्तुळं आक्रसली, रेघ आक्रसली, सुमात्रा एकदम खाली आलं. गोल होता तिथेच राहिला. परत मोठा केला. सगळं पसरलं, गोल होता तिथेच, तेवढाच. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याचं टोक जिभेला लावलं आणि माझा विमानतळ पुसून टाकला.

वहिनींच्या गंधाचा डाग होता. कुंकू निघालं होतं, खालचं गंध वाळून काचेला राहिलं होतं.

शेजारी हसले असते तर मी खाली निघून गेलो असतो. ते हसले नाहीत. त्यांनी दांडा धरला आणि समोर बघत म्हणाले, "येनु आगोल्ला, काही होत नाही. उतरायची तयारी करा." खालून वहिनींची हाक आली, "ऊटक्के बर्री!" आणि त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं की दोन माणसं जेवायला उतरतायत, पण सिंगापूरला उतरल्यावर. ते हसले ते रात्री, भिंतीपलीकडे, वहिनींना सांगताना. आमच्या बेडरूमपर्यंत ऐकू आलं. माझी बायकोही हसली, उशीत तोंड घालून.

मी चिडलो. पण ज्याच्यावर चिडावं असं कुणी सापडेना. दीड तास मी वर्तुळाबाहेर होतो. खाली समुद्र होता, पुढे काही नव्हतं, आणि मी कोसंबरी खात होतो. तेव्हा माझ्या बाजूला शंभर मैलांत जे होतं ते आणि आत्ता त्या पंच्यावर जे होतं ते एकच होतं. म्हणजे इतके महिने मी जे काही मोजत होतो त्याचा इंजिनांशी काही संबंध नव्हता. मला फक्त पुढे काहीतरी दिसायला हवं होतं. एवढ्या वर्षांच्या देखभालीनंतर स्वतःचा बिघाड सापडायला गंधाचा डाग लागला, हे मला मुळीच आवडलं नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी फोन आला. नातीने मला तिची नवी पाण्याची बाटली दाखवली, तिचं झाकण उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. मी प्रत्येक वेळी अचंबा दाखवला. मग ती निघून गेली आणि मुलगी आईशी बोलायला लागली. "आई, डिसेंबरात येतेस ना? मी तिकीट बघते तुझं." मी बाजूला पेपर वाचत होतो.

"दोन बघ," मी म्हणालो.

तिकडे तिचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी थांबला. मला वाटलं फोन कटला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, नक्की? नाही जमलं तरी चालेल हं." मी म्हणालो, "चालत नाही येणार, विमानानेच येईन," आणि पेपर तोंडासमोर धरला. बायकोने तो सरळ करून दिला, कारण उलटा होता.

बंगळूरच्या विमानतळावर शेजारी सोडायला आले होते. त्यांनी स्वतःहून कुठल्याही आकड्याचा विषय काढला नाही. "हेदरबेडी," एवढंच म्हणाले, घाबरू नका, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. उड्डाणांबद्दल इतकं जाणणारा हा माणूस वैमानिकांच्या टोप्यांकडे लहान मुलासारखा बघत होता.

विमानात माझ्यासमोर त्रिकोण नव्हता, गुलाबी रेघ नव्हती. समोरच्या खुर्चीच्या पाठीत एक पडदा होता, त्याच्यावर नकाशाही होता, पण त्यातलं विमान आंध्र प्रदेशाएवढं होतं. ते एकाच वेळी चेन्नईवर आणि श्रीलंकेवर होतं. असल्या नकाशात वर्तुळ टाकून काही कळणार नाही. विमान धावायला लागलं आणि मला भीती वाटली. मी बायकोचा हात घट्ट धरला. विमान वर गेल्यावर कळलं की तो पलीकडच्या गृहस्थांचा होता. त्यांनी काही तक्रार केली नाही, उलट दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. ते कोण, कुठले, मला माहीत नाही. पुढे आम्ही एकमेकांकडे बघितलंही नाही.

काही वेळाने मी बायकोला म्हणालो, "आता चेन्नईचं वर्तुळ संपलं."

"बरं," ती म्हणाली. "ते सँडविच खाणार नसाल तर द्या इकडे."

मी दिलं. खिडकीबाहेर काही नव्हतं. खाली ढग, त्याखाली पाणी असणार. भीती गेली नाही, ती पूर्ण उपसागरभर माझ्याबरोबर होती. पण ती बसून होती आणि मीही बसून होतो. बायकोला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, त्यामुळे मला हलताही येईना. मी नातीचा विचार केला. तिला उचलायचं कसं, याचा. चार महिन्यांची होती तेव्हा उचललं होतं, आता वजन किती असेल? ती तोंडाला हात लावते तेव्हा हात थंड असतो की गरम? मुलीचा असायचा तसा चिकट असेल का? असल्या गोष्टी फोनवर कळत नाहीत आणि विचारताही येत नाहीत. उतरेपर्यंत मी हाच विचार करत होतो.

सिंगापुरात उजेड होता. विमानतळावर बायकोने माझा फोन घेतला, तिथलं वायफाय लावून परत खिशात ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "चला." सरकत्या दारांपलीकडे मुलगी उभी होती, आणि तिच्या पुढ्यात नात.

नात धावली. ती बायकोच्या पायांना येऊन धडकली, कारण आजी दर वर्षी येते, आजी तिला ठाऊक आहे. मी खाली वाकलो. माझे गुडघे खरंच दुखले, पण ते आता कुणाला सांगणार? तिने आजीच्या साडीआडून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, बुटांपासून वरपर्यंत. फोनवर मी छातीपर्यंतच असतो आणि बनियनमध्ये असतो. हा बूट, कोट आणि पोट असलेला उंच माणूस तिने कधी पाहिला नव्हता. ती आणखी आत सरकली.

"अगं, आजोबा आलेत," मुलगी म्हणाली. "बघ तरी. आजोबा."

नातीने मान हलवली. नाही. ती भांडत नव्हती, तिला खात्रीच होती. तिने आईच्या पर्सकडे हात केला.

"आजोबांना फोन लाव."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. मी मानेने 'लाव' म्हटलं, आणि आमच्या बाजूला जो जाड खांब होता त्याच्यामागे गेलो. खिशात फोन वाजला. मी कोट काढून बॅगवर टाकला, फोन हाताभर लांब धरला आणि उचलला. पडद्यावर तिचा चेहरा आला आणि मला बघताच पार उजळला.

"आजोबा!" ती म्हणाली. "आजी आली!"

"हो का? छान झालं."

"एक अंकल पण आलेत." तिने आवाज खाली आणला. "मोठे आहेत. आपल्या घरी येणार का ते?"

मी फोन जरा जवळ धरला.

"ने त्यांना घरी," मी म्हणालो. "फार लांबून आलेत."